उत्तरेच्या भिंतीविषयी शंका

मे संपत आला की गव्हाची कापणी टेक्सासातून उत्तरेकडे निघते. हे वाक्य मी दोन वर्षांपूर्वी ऐकलं असतं तर मला कळलं नसतं. कापणी निघेल कशी? ती तर शेतात असते. पण इथे ती खरोखर निघते, ट्रेलरवर बसून. दक्षिणेचा गहू आधी पिकतो, मग ओक्लाहोमाचा, मग कॅन्ससचा, आणि पिकत जाणाऱ्या गव्हामागे माणसं कंबाइन घेऊन वर वर सरकत जातात. कंबाइन म्हणजे आपल्याकडचा हार्वेस्टर, फक्त दुमजली घराएवढा.

काल इथे टेक्सासात, अर्विंगमध्ये आम्ही किराणा घेऊन परतत होतो. हायवेवर आमच्या पुढे असाच एक ट्रेलर. त्याच्यावर हिरवं अवाढव्य धूड, मागे लाल झेंड्या.

"अबे, तो बघ, डायनासोर चाललाय," तेजस म्हणाला. तेजस माझा रूममेट, नागपूरचा. या उन्हाळ्यात आम्ही दोघंही इथे इंटर्न आहोत.

"कॅन्ससला चाललाय," मी म्हणालो.

"तुला कसं माहीत? नातेवाईक आहे का तुझा?"

मी हसलो.  गाडीच्या काचा बंद होत्या, एसी चालू होता, मांडीवरच्या पिशवीतून कोथिंबिरीचा वास येत होता. तरीही मला गव्हाच्या भुशाचा वास आला. कोरडा, किंचित गोड, घशात खरखरणारा. मागच्या जूनमध्ये तो तीन आठवडे माझ्या शर्टांना होता. धुतले तरी जात नसे.

कॅन्ससमधल्या त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तरी नकाशा तीनदा मोठा केल्याशिवाय ते सापडायचं नाही. सपाट जमीन, तिच्यावर एक सरळ रस्ता, रस्त्याच्या कडेला जेमतेम चारशे माणसं. इतकुसं गाव, पण कागदोपत्री 'सिटी'. म्हणून त्याला 'सिटी हॉल'. लाल विटांची दोन मजली इमारत, खिडक्यांवर पिवळट दगडाच्या पट्ट्या. खाली एका बाजूला अग्निशमनाची गाडी, दुसऱ्या बाजूला क्लार्कचं ऑफिस, आणि मागे लोखंडी गजांची एकच एक कोठडी. कोठडीत कैद्यांऐवजी नाताळच्या माळा आणि जुन्या पाणीपट्टीचे खोके होते. वरच्या मजल्यावर छोटं स्टेज असलेला मोठा हॉल. गावातली लग्नं, शाळेचे समारंभ, नाच, मतदान, सगळं एके काळी तिथे व्हायचं. आता तिथे घडीच्या खुर्च्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

कॅन्ससमधल्याच आमच्या विद्यापीठातल्या सरांकडे गावाने विचारणा केली होती: इमारत ठेवायची की पाडायची हे ठरवायचंय, कोणी येऊन तिची अवस्था बघेल का? सरांनी मला पाठवलं. मी सिव्हिलमध्ये एमएस करतो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. तसं बाबा कॉलेजात माझ्याआधी जाऊन आले होते, होस्टेलच्या भिंतींना गिलावा करायला. बाबा गवंडी आहेत. वाशीमजवळच्या आमच्या गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत, पण त्यांतली एकही आमची नाही, असं आई चिडली की म्हणते.

मला उतरवून घेतलं ते डार्लीनने. ती गावची क्लार्क, सत्तरीची, पायात पांढरे बूट, गळ्यात चष्मा. तिच्या घराच्या तळघरातली खोली तिने मला दिली होती. मी तिला मॅम म्हणायचो, मनात काकू. पहिल्या दिवशी तिने सांगितलं, "हनी, सिटी हॉल सोपा आहे. एलिव्हेटरच्या अगदी समोर." चारशे वस्तीच्या गावात लिफ्ट असलेली इमारत कुठली, ती मी अर्धा तास शोधत फिरलो. एलिव्हेटर म्हणजे धान्याचं कोठार, रेल्वेरुळाकाठी उभी असलेली काँक्रीटची पांढरी नळकांडी, दहा मैलांवरूनही दिसणारी. मी त्याच्याच सावलीत उभा राहून लोकांना विचारत होतो. डार्लीनला हे कळल्यावर ती टेबलावर हात आपटून हसली. दुसऱ्या दिवसापर्यंत गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. पोस्टातला माणूस मला विचारायचा, "कितव्या मजल्यावर?"

त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. मला तर ते आवडलं होतं. शब्द चुकला की लोक हसतात आणि गोष्ट तिथे संपते, असं मला तेव्हा वाटायचं.

ते दिवस कापणीचे होते. सकाळी दव सुकेपर्यंत सगळं शांत, आणि मग दहाच्या सुमाराला चारी दिशांनी घरघर सुरू. धान्याचे ट्रक एलिव्हेटरसमोर रांगेत. मोकळ्या दिवसात हात हलवून दोन शब्द बोलणारी माणसं आता स्टिअरिंगवरचं फक्त एक बोट उचलायची. सगळ्यांचे डोळे लाल, मानेवर धूळ. गारा पडायच्या आत, वारा यायच्या आत सगळं कापून व्हायला हवं. वर्षभराचं काम पंधरा दिवसांच्या तोंडाशी येऊन उभं असतं. कोणाला काही विचारायला जावं तर तो शेतात. गावाचा मेयर रॉय शेतात, कौन्सिलचे पाचही सभासद शेतात किंवा ट्रकवर. "कौन्सिल पाऊस पडला की भरतं," डार्लीन म्हणाली. मला वाटलं ती गंमत करतेय.

मी एकटा इमारत मोजत राहिलो. भिंती, खिडक्या, छताचे वासे. उत्तरेच्या भिंतीशी मात्र अडलो. तिच्या विटांचे पापुद्रे सुटून खाली पडत होते. हात फिरवला की लाल पूड. पण विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, टणक आणि करडे होते. मी बाबांना व्हिडिओ कॉल केला. माझी सकाळ, त्यांची संध्याकाळ. ते अंगणात हातपाय धुऊन बसलेले.

"जवळ ने," बाबा म्हणाले. "अजून. हं. हे काय, सिमेंट भरलंय का दर्जांत?"

"दिसतंय तसं."

"आणि बाकीच्या भिंतींत?"

"चुना."

"मग! कोणी भल्या माणसाने चांगलं करायला जाऊन केलंय ते. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल दर्जांतून बाहेर पडते. सिमेंटने वाट बंद केली, म्हणून ती विटेतून निघाली. वीट फुटणारच. ओळंबा सोडलास का?"

मी ओळंबा सोडला होता. वरपासून खालपर्यंत भिंत सरळ होती. कुठे पोट सुटलेलं नाही, कुठे कललेली नाही.

"मग भिंतीला काही झालेलं नाही," बाबा म्हणाले. "कातडी गेलीय नुसती. सिमेंट खरवडून चुना भरा. विचार त्यांना, कधी भरलं, कोणी भरलं, पन्हळ कधी बदलली. माहिती घे आधी. उगाच शहाणपणा करू नको."

मी वहीत चार प्रश्न लिहिले. सिमेंट कधी भरलं? कोणी? छताची पन्हळ तेव्हा होती का? भिंतीच्या पायाशी पाणी साचतं का? एकेक प्रश्न सुवाच्य अक्षरात, खाली उत्तराला जागा सोडून. बाबांचं नाव मात्र कुठे लिहिलं नाही. आज त्याची लाज वाटते.

दुपारी डार्लीन शेतांवर जेवण पोचवायची आणि मी तिच्या पिकअपमध्ये डबे धरून बसायचो. हॅमची सँडविचं, बटाट्याचं सॅलड, बर्फाचा चहा. मी मांस खात नाही म्हटल्यावर ती थबकली होती.

"अंडं?"

"नाही, मॅम."

"मग मोठा कसा झालास तू?"

त्यानंतर डब्यांच्या ढिगात माझं चीजचं सँडविच वेगळं असायचं, कागदावर पेनने 'इंजिनिअर' लिहिलेलं. इथलं लायसन्स नसल्यामुळे मी अजून इंजिनिअर म्हणून सही करू शकत नव्हतो. पण ते कागद मी फेकायचो नाही, घडी करून ठेवायचो.

जाता येता ती इमारतीबद्दल बोलायची. तिचं लग्न वरच्या हॉलमध्ये झालं होतं. तिच्या नवऱ्याला अग्निशमनाच्या गाडीवर बसवून गावभर फिरवलं होतं. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. "मला ती इमारत सुंदर वाटते असं नाही," ती एकदा म्हणाली. "पण माझं सगळं तिथेच ठेवलेलं आहे." माळा आणि खोके, असं मला आधी वाटलं. थोड्या वेळाने कळलं.

आणि खरंच पाऊस आला. दुपारी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं, थेंब पडले, घरघर एकेक करत थांबली. तासाभरात वरच्या हॉलमध्ये कौन्सिल भरलं. ओल्या टोप्या गुडघ्यांवर ठेवून पाच सभासद घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. समोर रॉय. इतक्या दिवसांनी बसायला मिळाल्यामुळे दोघांना तर तिथेच डुलक्या लागत होत्या. मी आकडे वाचून दाखवले, छत, पाया, तिन्ही भिंती. मग वही उघडली.  आता विचारायचं होतं. आणि मी म्हणालो, "आय हॅव सम डाउट्स अबाउट द नॉर्थ वॉल."

मी थांबलो. कोणी 'विचार' म्हणेल म्हणून. शाळेपासून इंजिनिअरिंगपर्यंत असंच होत आलंय. शंका आहे म्हणून हात वर करायचा, सरांनी मान हलवायची, मग विचारायचं. आमच्या क्लासच्या वेळापत्रकात शनिवारी 'डाउट्स'चा तास असायचा. शंका काढणं हा उद्धटपणा नव्हता, उलट त्यात नम्रपणा होता. मला कळलेलं नाही, उणीव माझ्यात आहे, समजावून सांगा, एवढाच त्याचा अर्थ.

कोणी 'विचार' म्हटलं नाही.  रॉयने माझ्याकडे बघून सावकाश मान हलवली, जशी वाईट बातमी आणणाऱ्याला दाद द्यावी तशी. "थँक यू, सन," तो म्हणाला. "हे सांगणं सोपं नव्हतं." मग त्याने विचारलं, इमारत पाडण्याच्या बाजूने कोण? चार हात वर गेले. पाचवा एका म्हाताऱ्या दुकानदाराचा, तो खालीच राहिला. माझी वही उघडी, चारही प्रश्नांखालच्या जागा कोऱ्या. मला वाटलं मत घेऊन झालं की माझ्या शंका घेतील.

घरी जाताना मी डार्लीनच्या पिकअपमध्ये बसलो. वायपर चालू होते.

"तीन आठवडे माझ्या टेबलावर जेवलास," ती म्हणाली. "मला आधी सांगायचंस ना."

"काय सांगायचं, मॅम?"

"की तुला त्या भिंतीवर भरवसा नाही."

मला आधी काहीच समजेना. मग एकदम समजलं. मी सांगू लागलो, घाईघाईत, मोडक्या इंग्रजीत: नाही, आमच्याकडे डाउट म्हणजे प्रश्न, मला विचारायचं होतं, भिंत सरळ आहे, मी ओळंबा सोडलाय. तिने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "ओह, हनी." एवढंच. त्या दोन शब्दांत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

एक शब्द एका भाषेत आपल्याकडे बोट दाखवतो आणि दुसऱ्या भाषेत समोरच्याकडे. हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं. माझ्या घरी इंग्रजी बोलणारं कोणी असतं तर मला ते ऐकता ऐकता कळलं असतं का? कदाचित. की इथे आलेल्या आमच्यासारख्या प्रत्येकाकडून ही चूक होते, फक्त बाकीच्यांच्या चुकीने इमारत पडत नाही? तेजसला मी हे सांगितलं तेव्हा त्याने डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "यार, नशीब समज. तू लघुशंका आहे म्हणाला नाहीस." मी खूप हसलो. हसून झाल्यावर आणखी थकलो.

दोन दिवसांनी शेतं सुकली. मी रॉयच्या शेतापर्यंत चालत गेलो. त्याने कंबाइन थांबवून मला वर केबिनमध्ये घेतलं. तिथे बाजूला एक छोटी सीट असते, पोराटोरांसाठी. समोरचं पातं फिरत होतं, गहू आडवा होऊन आत जात होता, आणि मी त्या घरघरीत सगळं परत सांगितलं. या वेळी वाक्यं आधी कागदावर लिहून पाठ केली होती. भिंत सरळ आहे. सिमेंट काढून चुना भरला तर ती टिकेल. माझ्या वडिलांचंही हेच मत आहे, ते गवंडी आहेत. हे शेवटचं वाक्य पाठ केलेलं नव्हतं, ते आपोआप आलं.

रॉयने शेताचं टोक गाठलं, मशीन वळवलं, मग बोलला.

"तुझे वडील हुशार दिसतात. सिमेंट माझ्याच बापाने भरलं होतं. मी पाट्या उचलल्या."

वहीतल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

"सन, तुला एक सांगतो, आणि हे मनाला लावून घेऊ नको. आम्ही तुझ्या भिंतीची वाट बघत नव्हतो. आम्ही कारणाची वाट बघत होतो. छप्पर गळलं की वर मी चढतो. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. शाळा शेजारच्या गावात गेली, मुलं विचिटा शहरात गेली. ती इमारत प्रेमाची आहे रे, पण तिच्यावर प्रेम करायला शिडी चढावी लागते."

"पण मग माझं म्हणणं तुम्ही कौन्सिलपुढे मांडणार ना?"

"पत्र लिही. मी वाचीन." मग नजर गव्हावर ठेवून, "सरळ लिही हं. 'कदाचित' नको."

मी पत्र लिहिलं. सरांकडून तपासून घेतलं, त्यांनीही खाली सही केली. त्यात 'कदाचित' कुठेच नव्हतं, 'डाउट' तर नव्हतंच. आयुष्यात इतकी सरळ वाक्यं मी पहिल्यांदा लिहिली. जुलैमध्ये ते वाचलं गेलं आणि एक मत फिरलं. दोन फिरायला हवी होती.

त्या एका मताने मला वर्षभर झोपू दिलं नाही असं म्हणणं खोटं होईल. मी झोपतो, थिसिस लिहितो, इथे पार्किंगच्या इमारतींचे खांब कॉम्प्युटरवर मोजतो. पण एक मत फिरलं याचा अर्थ सगळंच आधी ठरलेलं नव्हतं. रॉय म्हणाला ते निम्मं खरं असेल. उरलेलं निम्मं माझं. ते किती मोठं आहे हे मोजायला माझ्याकडे काही नाही. बाबांना विचारलं तर ते वैतागतात. "शंका होती म्हणून तर ओळंबा सोडतात," ते म्हणतात. "खात्री असती तर कशाला सोडला असता? त्यांना एवढं कळू नये?" मी त्यांना सांगत नाही की ते फक्त मराठीत बरोबर आहेत.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, पुढच्या गव्हाच्या पेरणीआधी, डार्लीनचा फोन आला. "गुरुवारी पाडतायत. यायलाच हवं असं नाही." मी विद्यापीठातल्या तेव्हाच्या रूममेटची गाडी मागून तिथून अडीच तास ड्राइव्ह करत गेलो. वाटेत शेतं मोकळी, नांगरून तयार. मी पोचलो तेव्हा पूर्वेची भिंत गेली होती. पश्चिमेची आणि दक्षिणेची माझ्यासमोर गेली, चार-सहा धक्क्यांत, लाल धुरळा उडवत. गावातले वीसेक लोक रस्त्यापलीकडे उभे होते.  पोस्टातला माणूस मला बघून जवळ आला, काही विनोद करेल असं वाटलं, पण त्याने नुसता खांद्यावर हात ठेवला आणि तो परत गेला.

मग पाडकामाचं मशीन उत्तरेच्या भिंतीशी आलं. पहिला धक्का. विटांची पूड उडाली, भिंत तशीच. दुसरा, तिसरा. चालकाने मशीन मागे घेतलं, कोन बदलला, वरून प्रयत्न केला, मग खालून. तासभर गेला. त्याने जेवणाची सुट्टी घेतली, परत आला. बाकी काही उरलेलं नव्हतं, छत नाही, मजला नाही, आणि ती एकटी भिंत मोकळ्या आभाळासमोर, रिकाम्या खिडक्यांसकट, सरळ. रॉयने टोपी काढून हातात धरली होती. 

तीनच्या सुमाराला चालक खाली उतरला. बाहेरगावचा तरुण माणूस, घामाने भिजलेला. पाणी प्यायला आमच्या बाजूला आला, तोंड पुसलं, भिंतीकडे बघितलं.

"ही भिंत वाईट आहे असं कोणी सांगितलं होतं?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं. डार्लीन माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "असं कोणीच म्हटलं नव्हतं."

चालकाने मान हलवली आणि तो परत मशीनवर चढला.